टाके काढायची तारीख : एका रात्रीच्या प्रकरणातून महापालिकेला काय दुरुस्त करता येतं

रात्री पावणेबाराला महापालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात एक बाई येते. वय ३१. डोक्याला मागच्या बाजूला चार सेंटिमीटरची जखम, आवाज बसलेला. सोबत नवरा आणि नणंद. केसपेपरवर लिहिलं जातं : 'बाथरूममध्ये पाय घसरून पडली.' पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याच्या गोळ्या. साडेबाराला ती त्याच रिक्षाने त्याच घरी परत जाते.

हे कुणा एका बाईचं प्रकरण नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत अशा प्रकरणांत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका रात्रीवर आणि एका शहरावर बसवून मांडलं आहे. त्यामुळे कुणाची ओळख उघड होत नाही आणि साखळी कुठे तुटते ते सलग दिसतं. शहर मध्यम आकाराचं. महापालिकेचं एक रुग्णालय, दहा-बारा नागरी आरोग्य केंद्रं, महिला व बालकल्याण विभाग आणि त्या विभागाचं एक समुपदेशन केंद्र. केंद्र कार्यालयीन वेळेत उघडं, शनिवार-रविवार बंद.

नंतर जुने कागद काढले तेव्हा कळलं, आठ महिन्यांतली तिची ही चौथी खेप होती. आधी मनगट मोडलं, नोंद 'जिन्यावरून पडली'. मग आरोग्य केंद्रात 'अशक्तपणा, झोप नाही' म्हणून लोहाच्या गोळ्या. मग 'चुकून फिनेल प्यायली' म्हणून एक रात्र वॉर्डात. चारही नोंदी महापालिकेच्याच दप्तरात, पण तीन वेगळ्या रजिस्टरांत. त्या शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नाहीत.

'बायका मदतीला पुढेच येत नाहीत' हे वाक्य महापालिकेच्या बैठकांत नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुठेतरी मदत मागितली होती. पण मदत न मागणारी ही बाई ताप आला, टाके घालायचे आहेत, पोराला लस द्यायची आहे म्हणून महापालिकेच्या दारात येतच असते. केंद्र उघडलं आणि फलक लावला की काम झालं असं मानणाऱ्यांना हेच दिसत नाही. ती आधीच आलेली असते. प्रश्न आहे तो ती कोणत्या टेबलावरून रिकाम्या हाताने परत जाते याचा.

अपघात विभागातला पहिला तास

त्या रात्री डॉक्टरांनी विचारलं होतं, 'काय झालं?' उत्तर नवऱ्याने दिलं. नवऱ्यासमोर विचारलं की नवऱ्याला चालेल तेच उत्तर मिळतं. याला प्रशिक्षणापेक्षा एका नियमाची जास्त गरज आहे : तपासणीच्या खोलीत पेशंट एकटाच. हा नियम पुरुषांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना सारखा लावायचा आणि दारावर लिहायचा. एकट्या तिच्याच नवऱ्याला बाहेर काढलं तर त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावर निघतो. सगळ्यांनाच बाहेर थांबवलं तर कुणाला संशय येत नाही. नातेवाइकाला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवणं, एक्स-रेच्या खोलीत फक्त पेशंटला सोडणं, हे अनुभवी सिस्टर आधीपासून करत आल्या आहेत. ते त्यांच्या मर्जीवर न ठेवता लेखी आदेशात आणायचं. बरोबर आलेली सासू, नणंद किंवा मूल यांच्याकडून भाषांतर करून घ्यायचं नाही, हेही त्याच आदेशात हवं.

प्रश्न कसा विचारायचा? 'घरी काही त्रास आहे का?' याला उत्तर 'नाही' असंच येतं. संसारात त्रास असायचाच, तो डॉक्टरला काय सांगायचा, अशी समजूत असते. 'का मारलं?' हा प्रश्न तर तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. कामी येतं ते असं : 'अशी जखम पडूनही होते आणि कुणी मारल्यानेही होते. असं लागलेल्या सगळ्यांना आम्ही विचारतो. घरात कुणी हात उगारला का?' ती नाही म्हणाली तरी पुढचं वाक्य बोलायचं : 'कधी तसं झालं तर इथे कुठल्याही वेळी या, मारलं एवढं सांगितलं तरी पुरे.' पहिल्या खेपेला नाही म्हणालेल्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलतात. प्रश्न विचारणारं माणूस त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं.

या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक जखमेत नव्हती, आवाजात होती. आवाज बसलेला होता आणि मान कुणी पाहिली नाही. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसेलच असं नाही, निम्म्या प्रकरणांत काहीच दिसत नाही. खुणा दुसरीकडे असतात : घोगरा आवाज, गिळताना दुखणं, पापणीच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, तेवढ्या वेळाची आठवण पुसलेली. अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं आहे की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटीने वाढते. आपल्याकडे बाई सांगते, 'नरडं धरलं त्यानं', आणि ऐकणारा ते भांडणातलं बोलणं म्हणून सोडून देतो. म्हणून अपघात विभागाच्या तपासणी कागदामागे चार प्रश्न छापून ठेवायचे. गळा दाबला का? श्वास कोंडला का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? कपड्यात लघवी झाली का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर तिला घरी सोडायचं नाही. चोवीस तास देखरेख आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी. गळ्याच्या आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनीही जिवावर बेतते.

प्रशिक्षणाबद्दल एक सांगायलाच हवं. महिला दिनाच्या आगेमागे सभागृहात होणारं दिवसभराचं शिबिर इथे फारसं उपयोगी पडत नाही. अपघात विभागातले डॉक्टर सहा महिन्यांत बदलतात, रात्रपाळीची माणसं शिबिराला येऊच शकत नाहीत. त्यापेक्षा दर महिन्याला पाळी बदलताना वीस मिनिटं, त्याच विभागात, मागच्या महिन्यातले दोन केसपेपर नाव झाकून समोर ठेवून. त्यात मावशी आणि सुरक्षारक्षक हवेतच. बाई डॉक्टरांशी बोलायच्या आधी पुष्कळदा संडासाच्या दाराशी मावशींपाशी बोलते.

कागद : कुणाच्या हातात कोणता

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७ नुसार रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. याच कायद्याखालच्या नियमांतला नियम १७ आणखी पुढे जातो. कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घरातल्या हिंसेची ठरलेल्या नमुन्यातली नोंद, आधी भरलेला नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. अहवाल नसेल तर रुग्णालयाने स्वतः तो, म्हणजे नमुना १, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने महापालिकेचं रुग्णालय हे अर्ज सुरू होण्याचं ठिकाण आहे. प्रत्यक्षात नमुना १ चे कोरे कागद बहुतेक अपघात विभागांत नसतात. ही दुरुस्ती एका रिमच्या खर्चात होते : शंभर प्रती, एका सिस्टरच्या ताब्यात, आणि भरलेला नमुना देऊन पोच घ्यायची वही. पोच नसेल तर तो कागद गेलाच नाही असं समजायचं.

एमएलसी, म्हणजे पुढे कोर्टात लागू शकणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करताना दोन गैरसमज आड येतात. पहिला, एमएलसी म्हणजे फिर्याद. तसं नाही. ती रुग्णालयाची नोंद आहे. पोलिसांना जबाब द्यायचा की नाही हे बाईने ठरवायचं, आणि 'सध्या जबाब द्यायचा नाही' असं ती म्हणाली तर तेही तारीख-वेळेसह लिहायचं. दुसरा गैरसमज, नोंद मोघम ठेवली की डॉक्टर कोर्टाच्या फेऱ्यांतून सुटतात. मोघम नोंदीवर उलट जास्त प्रश्न येतात. तिच्याच शब्दांत लिहावं : 'नवऱ्याने रात्री साडेदहाच्या सुमारास लाकडी पाट डोक्यात मारला, दोन्ही हातांनी गळा दाबला.' कुणी, कधी, कशाने, शरीरावर कुठे. जखमेची लांबी-रुंदी मोजून, आकृतीवर खूण करून. हाताच्या कोपराखालच्या बाहेरच्या बाजूचे वळ जरूर पाहायचे, मार चुकवायला हात वर केला की तिथे लागतं. वळाच्या रंगावरून 'दोन दिवसांपूर्वीचा' असं ठोकून द्यायचं नाही. तेवढी खात्री रंगातून मिळत नाही आणि उलटतपासणीत सगळा अहवालच पडतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. हे सगळं ज्या केसपेपरवर लिहिलं, तो केसपेपर बाईच्या हातात घरी जातो. पिशवीतून तो नवरा काढतो आणि वाचतो. अशाने खरी नोंद करणाऱ्या चांगल्या डॉक्टरच्या हातून बाईला दुसरा मार बसतो. म्हणून कागद दोन हवेत. पूर्ण नोंद रुग्णालयाच्या दप्तरात, कुलपात. घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर फक्त औषधं आणि पुढची तारीख. तिचा मोफत प्रतीचा हक्क कायम राहतो. ती प्रत कुठे ठेवायची हे तिला विचारून द्यायची : माहेरी, मैत्रिणीकडे किंवा रुग्णालयाच्याच फायलीत. मदतीचे क्रमांकही चिठ्ठीवर छापायचे नाहीत. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलिसांची तातडीची मदत) तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचे, पाठ होतात.

आणि ती पुढची तारीख. डोक्याचे टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. त्या रात्री चिठ्ठीवर लिहिलं गेलं, 'टाके जवळच्या दवाखान्यात काढावेत.' गर्दी कमी करायला घातलेली ही सवय इथे महागात पडली. नवऱ्याच्या परवानगीने घराबाहेर पडण्याचं, एकही प्रश्न न विचारता मान्य होणारं एकच कारण तिच्याकडे होतं, ते रुग्णालयाने आपल्या हाताने घालवलं. त्याऐवजी असं लिहायचं : 'आठव्या दिवशी, सकाळी अकरा, याच रुग्णालयात, ड्रेसिंग विभाग.' टाके काढायला पाच मिनिटं लागतात. उरलेली चाळीस मिनिटं शेजारच्या खोलीत समुपदेशकासोबत. त्या खोलीच्या दारावर 'महिला अत्याचार निवारण' असं काही लिहायचं नाही, खोलीचा क्रमांक पुरे. मनगट मोडलं असेल तर प्लास्टर तपासायची तारीख, गरोदर असेल तर दर महिन्याची तपासणी, बाळ असेल तर लसीकरण. आरोग्य खात्याकडे अशा तारखा भरपूर आहेत.

मुंबई महापालिकेने 'सेहत' या संस्थेच्या साथीने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं, त्याचं मर्म इथेच आहे. केंद्र रुग्णालयाच्या आवारात, रुग्णालयाचाच विभाग म्हणून चाललं. प्रशिक्षण देणारे रुग्णालयातलेच डॉक्टर आणि सिस्टर होते. बाईला वेगळ्या पत्त्यावर जावं लागलं नाही. पुढे ते मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांत गेलं. इतर शहरांनी त्याचा फलक तेवढा उचलला आणि आतली व्यवस्था उचलली नाही, तर ते वर्षभरात बंद पडतं.

ती 'हो' म्हणाली तर? रात्री एक वाजता

समजा, त्या रात्री कुणी नीट विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, 'मला परत जायचं नाही.' पुढे काय झालं असतं? पालिकेचं केंद्र बंद. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र, जिल्हा रुग्णालयात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं, पण तिच्या दोन मुलांपैकी एक मुलगा बारा वर्षांचा आहे आणि वाढत्या वयाच्या मुलग्याला बऱ्याच निवाऱ्यांत आत घेत नाहीत. मुलाला मागे ठेवून ती जाणार नाही. आणि तिने जाऊही नये, कारण पुढे ताब्याच्या वादात 'पोरं टाकून गेली' हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं जातं. पोलिस चौकीत तिला अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देऊन 'सकाळी या' म्हटलं असतं, किंवा नवऱ्याला समज देऊन दोघांना एकत्रच पाठवलं असतं. बेघरांसाठीचा रात्रनिवारा महापालिकेकडे असतो, पण तिथे दाराशी कुणीही येऊन नाव पुकारू शकतं.

यावर ताबडतोब होणारा उपाय रुग्णालयातच आहे : दाखल करून घेणं. डोक्याला मार आहे, गळा दाबला आहे, देखरेखीखाली ठेवायला वैद्यकीय कारण पुरेसं आहे. २४ ते ४८ तास. मुलं सोबत. तिचं नाव चौकशीच्या खिडकीवर सांगायचं नाही, भेटीच्या वेळेत वॉर्डात कोण येतं ते सिस्टरच्या परवानगीने. एवढ्या वेळात सकाळ होते, समुपदेशक येतो, माहेरचा फोन लागतो. यासाठी नवी इमारत लागत नाही. वैद्यकीय अधीक्षकांचं एक परिपत्रक लागतं, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर 'बेड अडवला' या भीतीने दाखल करत नाही.

महापालिकेने स्वतःचा निवारा काढायचा ठरवलं तर वीस खाटांचं दालन बांधू नये. चार-पाच कुटुंब-खोल्या, प्रत्येकीला आतून कडी, मुलग्यांना वयाची अट नाही. पत्ता कुठल्याही निविदेत, फलकावर, उद्घाटनाच्या बातमीत येऊ द्यायचा नाही. हा शेवटचा मुद्दा मांडला की सभागृहात नाराजी होते, फीत कापायला कुणालाच मिळत नाही म्हणून. तरी तो सोडायचा नाही. त्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ आणि नियम १६ प्रमाणे पोलिसांचं पत्र किंवा घटना अहवाल नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे विरुद्ध बाजूला कळवता येत नाही. 'मोबाइल जमा करा, बाहेर जायचं नाही' असे नियम लावले की नोकरी करणारी बाई दोन दिवसांत निघून जाते. तिची नोकरी हीच तिची पुढची वाट असते.

समुपदेशक, करार आणि 'समेट'

या शहरातल्या केंद्राच्या वार्षिक अहवालात एक रकाना होता : 'यशस्वी प्रकरणे'. त्यात मोजली जात होती ती समेट घडवून नांदायला पाठवलेली प्रकरणं. ज्या आकड्यावर मानधन वाढतं तोच आकडा वाढतो. नवऱ्याला आणि तिला समोरासमोर बसवून 'दोघांनीही थोडं समजून घ्या' म्हणणं, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 'पुन्हा असे करणार नाही' लिहून घेणं, हे रोजचं. त्या स्टॅम्पपेपरला कोर्टाच्या संरक्षण आदेशासारखी ताकद नाही. कलम १८ खालचा आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि पोलिस थेट अटक करू शकतात. स्टॅम्पपेपर मोडला तर काहीच होत नाही. समोरासमोर बसवण्यात आणखी धोका असा की ती जे बोलते त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. ती स्वतःहून नांदायला परत जायचं म्हणत असेल तर तिला अडवायचं नाही. पण त्या दिवशी समुपदेशकाचं काम समेटाचं नसतं, नियमांतल्या नमुना ५ मधली सुरक्षा योजना तिच्यासोबत बसून भरायचं असतं. कागदपत्रांच्या प्रती कुठे, रात्री पळावं लागलं तर कुणाचं दार, मुलाला कोणता खुणेचा शब्द शिकवायचा, कोणता फोन नवरा पाहत नाही आणि कोणत्या वेळेला केलेला चालतो.

माणसं किती लागतात याचा हिशेब कागदावर करूनच प्रस्ताव न्यावा. चोवीस तास सेवा म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण आणि कोर्टाच्या तारखा धरल्या की पाच. दोन समुपदेशकांवर 'चोवीस तास सेवा' जाहीर केली तर रात्रीचा फोन कुणाच्या तरी घरी वाजतो आणि तीन महिन्यांनी वाजायचाही थांबतो. पाच शक्य नसतील तर तीन नेमावेत, रात्री अपघात विभागाच्या सिस्टरने पहिली नोंद घ्यावी आणि समुपदेशकाने सकाळी नऊच्या आत वॉर्डात पोचावं. हे प्रामाणिक आहे आणि टिकतं.

नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची असते. कलम १२ खाली बाईने कोर्टात केलेला अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पुष्कळदा वर्षाच्या पुढे जातात. म्हणजे ज्या समुपदेशकाला बाईने सगळं सांगितलं ती निकालाआधीच निघून गेलेली असते, आणि बाईला नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोनदा सांगितल्यावर तिसऱ्यांदा ती येत नाही. करार तीन वर्षांचा करणं, आणि जाणाऱ्या समुपदेशकाने प्रत्येक चालू फायलीतल्या बाईची नव्या व्यक्तीशी स्वतः ओळख करून देणं, एवढं केलं तरी गळती थांबते.

पैसे कुठून? महाराष्ट्रातल्या नागरी स्थानिक संस्थांना महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन, मेळावे आणि प्रशिक्षण वर्गांवर जातो, कारण वस्तू वाटता येते, तिचा फोटो निघतो, आणि पगार हा 'आवर्ती खर्च' म्हणून लेखा विभागाला नको असतो. प्रस्ताव नेताना पगाराला स्वतंत्र लेखाशीर्ष मागून घ्यावं आणि तीन वर्षांची मान्यता एकदमच घ्यावी. दरवर्षी मार्चमध्ये नव्याने मागितली तर एप्रिल ते जुलै केंद्राला कुलूप.

संरक्षण अधिकारी महापालिकेचा नोकर नसतो, तो राज्याच्या महिला व बालविकास विभागाचा. त्याच्यावर कामाचा ढीग असतो. महापालिकेने त्याला आठवड्यातून एक दिवस रुग्णालयात टेबल-खुर्ची आणि एक संगणक द्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकीलही त्याच दिवशी बोलवावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घर तिच्या नावावर नाही म्हणून तिला बाहेर काढता येतं असा समज तर वकिलांतही आढळतो. कलम १७ तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा दावा उभा राहू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाकीच्या खात्यांकडून लागतं ते थोडकं. महापालिका शाळेने दुसऱ्या शाळेसाठी दाखला लगेच द्यावा, 'वडिलांची सही आणा' म्हणू नये, आणि नव्या शाळेचं नाव वडिलांना सांगू नये. जन्मदाखल्याची प्रत आईला एकटीला मिळावी. आशा ताईंना दारोदार जाऊन 'मारतो का' विचारायला लावू नये, त्या त्याच वस्तीत राहतात आणि उद्या त्यांच्याच दारात दगड येईल. त्यांनी फक्त आरोग्य केंद्राची तारीख मिळवून द्यावी.

नगरसेवकाच्या फोनचं काय करायचं, हे आधीच ठरवलं नसेल तर सगळी व्यवस्था एका फोनवर कोसळते. नवरा कार्यकर्ता असतो, दीर कंत्राटदार असतो, कधी नवरा महापालिकेचाच कर्मचारी असतो. 'आमच्या माणसाची बायको तुमच्याकडे आहे का?' या प्रश्नाला सगळ्यांकडून एकच उत्तर : 'कोण आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही.' हे आयुक्तांच्या सहीने लेखी असलं की वॉर्डातली सिस्टर ठामपणे बोलू शकते. फायलीला नावाऐवजी क्रमांक, आणि कोणत्या कर्मचाऱ्याने ती कधी उघडली याची नोंद.

'यशस्वी प्रकरणे' हा रकाना काढून या शहरात मोजायचं ते असं : अपघात विभागात किती जणींना एकटीला विचारलं, किती जणी दिलेल्या तारखेला आल्या, नमुना १ किती भरले आणि किती पोचा परत आल्या, निवारा मागितलेल्या किती जणींना त्याच रात्री मिळाला, आणि न मिळालेल्यांची कारणं. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगाचा. त्यात 'मुलगा बारा वर्षांचा' हे कारण सहा वेळा आलं की पुढच्या अंदाजपत्रकात काय मागायचं ते आपोआप कळतं.

आठव्या दिवशी अकराला ती ड्रेसिंग विभागात येते, अशी ही रात्र दुरुस्त साखळीत पुढे जाते. नवरा बाहेर बाकावर. टाके निघतात. शेजारच्या खोलीत ती सगळं सांगते, पण अर्ज करायचा नाही म्हणते, मुलाची परीक्षा होऊ दे म्हणते. कुणी तिला समजावत बसत नाही. सुरक्षा योजना भरली जाते. वैद्यकीय अहवालाची प्रत ती घरी नेत नाही, फायलीतच ठेवायला सांगते. समुपदेशक तिला पुढची तारीख देते, डोक्याची जखम दाखवायची. ती त्या तारखेला येत नाही. साडेचार महिन्यांनी, दुपारी दोनला, दोन्ही मुलं आणि एक पिशवी घेऊन ती त्याच खोलीच्या दारात उभी राहते. फाईल तिच्या क्रमांकावर कपाटात असते. चारही केसपेपरच्या प्रती नमुना १ ला जोडून त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर जातात, पोचवहीत सही होते, आणि मुलगा बारा वर्षांचा असूनही संध्याकाळी तिघांना एकच खोली मिळते.